माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी मोफत वकील: अर्जापासून हुकुमाच्या अंमलबजावणीपर्यंत

मोफत वकील मिळायला एक साधा अर्ज पुरतो. खरी कसरत त्याच्या आधीची आहे: आपलं प्रकरण कुठल्या दारात जातं ते ओळखणं आणि मुदत कधी संपते ते पाहणं. पेन्शनसाठी दिवाणी कोर्टात दावा, बांधाच्या भांडणासाठी रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या जवानांचे नोकरीचे कागद ठेवणारं फौजेचं कार्यालय) पत्रं आणि या दोन्हींसाठी पालकमंत्र्यांना निवेदन, अशी उलटसुलट धावपळ गावोगाव दिसते. म्हणून सुरुवात दारापासूनच.

कुठलं प्रकरण कुठे जातं

नोकरीशी जोडलेलं सगळं, म्हणजे पेन्शन, डिसॅबिलिटी पेन्शन, फॅमिली पेन्शन, बढती, डिस्चार्ज, कोर्ट मार्शल, हे सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातं. फौजी त्याला एएफटी म्हणतात. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं. मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतात. निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठात अर्ज करता येतो. रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे याचा इथे संबंध नाही. म्हणजे रेकॉर्ड बेळगावला असलं तरी सातारचा मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान मुंबईतच अर्ज करतो. उलट बेळगावात स्थायिक झालेल्या मराठी जवानाचं प्रकरण कर्नाटकात मोडतं आणि कोची खंडपीठाकडे जातं.

जमीन, वाटणी, भाडेकरू, कर्ज, अपघात, घरगुती हिंसा, फौजदारी केस ही प्रकरणं इतर कोणत्याही नागरिकाप्रमाणे नेहमीच्या न्यायालयात किंवा महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात. सातबाऱ्यावरच्या चुकीच्या फेरफाराचं अपील प्रांताकडे ६० दिवसांत करायचं असतं. ही मुदत फौजेत असलेल्या मुलाच्या सुट्टीची वाट बघण्यात हमखास चुकते. स्वतःचं घर भाड्याने दिलंय आणि आता राहायला हवंय अशा माजी सैनिकासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम २३ आहे. त्याखाली दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ही सोय बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नसते, तेव्हा आपणच आठवण करून द्यावी.

मुलं सांभाळत नाहीत ही तक्रार २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात जाते. त्या कायद्यात वकिलाला उभं राहायला मनाई लिहिली आहे. त्यामुळे मोफत वकील मागण्यापेक्षा अर्ज लिहून देणारा माणूस मागा. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिलं असेल आणि ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल, तर याच ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट कागदावर नसेल तर काम फार अवघड होतं.

तिसरा गठ्ठा कायद्याचा नाहीच. हयातीचा दाखला राहिला म्हणून पेन्शन थांबली, पेन्शनच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीत मोबाइल नंबर जुना आहे, आधारचं नाव जुळत नाही, यासाठी वकील नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सोल्जर बोर्ड म्हटलं की रिक्षावालाही पोहोचवतो. तिथली चिठ्ठी आणि स्पर्शवरची तक्रार एवढ्यात हे मिटतं. कर्ज देणाऱ्याने थेट पेन्शनच जप्त करायची धमकी दिली असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घ्या, कारण पेन्शनला जप्तीपासून कायद्याने संरक्षण आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ हा सगळ्याचा पाया. माजी सैनिक असणं हा त्या कलमात वेगळा गट नाही, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या तरी गटात बसावं लागतं. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे आणि अडतं ते इथेच. महागाई भत्त्यासह आजची पेन्शन धरली तर पंधरा-सतरा वर्षं नोकरी केलेला शिपाई किंवा नाईकसुद्धा बहुधा या रेषेच्या वर जातो. मग तो "आपल्याला मिळत नाही" म्हणून परत फिरतो. परतू नका, पुढचे गट पाहा. यांना उत्पन्नाची अटच नाही:

- स्त्रिया. वीरपत्नी, वीरमाता, माजी सैनिकाची पत्नी, मुलगी, कोणीही. फॅमिली पेन्शन ४० हजार असली तरी अर्ज नाकारता येत नाही.
- अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती. जातीचा दाखला जोडा.
- दिव्यांग व्यक्ती. इथे फौजेच्या मेडिकल बोर्डाने लिहिलेल्या अपंगत्वाच्या टक्केवारीवर विसंबू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा, कारण विधी सेवा कार्यालयाला ओळखीचा कागद तो आहे.
- कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती.

जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे असेल आणि वाद त्या जमिनीचा असेल, तर पत्नीने स्वतःच्या हिश्शासाठी अर्ज करणं हा सरळ मार्ग आहे. नवऱ्याच्या पेन्शनचा हक्क मात्र नवऱ्याचाच. तिथे पत्नीच्या नावाने अर्ज रेटायचा प्रयत्न करू नका.

एकाही गटात बसत नसाल तरी सल्ला मिळतो. टेलि-लॉचा क्रमांक १४४५४ आहे. त्यावरून किंवा गावातल्या सामायिक सेवा केंद्रातून पॅनलवरच्या, म्हणजे या कामासाठी यादीत घेतलेल्या, वकिलाशी विनामूल्य बोलता येतं. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, हेल्पलाइन १५१००. शिवाय २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, नालसाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांमध्येच विधी सेवा क्लिनिक चालवायची आहेत. तिथे पॅनलवरचा वकील आणि विधी स्वयंसेवक बसतात. वकील कुठल्या वारी येतो ते फोन करून विचारा. साठ किलोमीटर एसटीने येऊन कुलूप बघण्यात अर्थ नाही.

अर्ज कसा करायचा

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. दारात 'फ्रंट ऑफिस' असा फलक दिसेल. अर्ज तिथे, टपालाने किंवा नालसाच्या संकेतस्थळावरून करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. स्वयंसेवकाने तो लिहून घ्यायचा असतो.

अर्जाबरोबर एवढं जोडा: ओळखपत्र, माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्राची प्रत, ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा आणि प्रकरणाचा एक पानी सारांश. उत्पन्नाच्या गटातून येणाऱ्यांना तहसीलदाराचा दाखला हाताशी नसेल तर स्वतःचं प्रतिज्ञापत्रही चालतं. कलम १३ तसं सांगतं. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. कोर्टाबाहेरच्या टेबलावर ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावणारे भेटतील. आधी फ्रंट ऑफिसात विचारा.

निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. नकार आला तर तो लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा. मंजुरी झाली की वकिलाच्या नेमणुकीचं पत्र मिळतं. कोर्ट फी, टायपिंग, नोटीस बजावणी, साक्षांकित प्रती हे खर्चही मदतीत येतात.

कायद्यातल्या 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणं येतात, त्यामुळे एएफटीच्या प्रकरणालाही मोफत वकील मिळतो. अडचण अशी की जिल्ह्याच्या पॅनलवरच्या बहुतेकांनी एएफटीची पायरी चढलेली नसते. अर्जातच ठळक लिहा: "प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरण, मुंबई खंडपीठ येथील असून त्या कामाचा अनुभव असलेला वकील द्यावा. जिल्हा पॅनलवर असा वकील नसल्यास अर्ज राज्य प्राधिकरणाकडे पाठवावा." ही दोन वाक्यं राहून गेली की फौजदारी केसेस करणाऱ्या एखाद्या भल्या माणसाकडे फाइल जाते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते.

फाइल

वकील फुकट असला तरी कागद तुम्हीच आणायचे आहेत. पेन्शनच्या कुठल्याही प्रकरणाला हे लागतं: डिस्चार्ज बुक, पहिला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि त्यानंतरचे सगळे सुधारित पीपीओ, रेकॉर्ड ऑफिसची पत्रं तारखेच्या क्रमाने, तुम्ही पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि त्यांच्या स्पीड पोस्टच्या पावत्या. पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून आल्या दिवशीच झेरॉक्स काढा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, अगदी स्वतःच्या वकिलालाही नाही. पडताळणीला दाखवा आणि परत घ्या.

मेडिकल बोर्डाचे कागद जवळ नसतात ही सर्रास अडचण. ते माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडून मागवा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "माझी सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. आर्मी नंबर, रँक, डिस्चार्जची तारीख लिहून नेमकं मागा: रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे एएफएमएसएफ-१६ फॉर्मची पूर्ण प्रत, आजारामुळे बाहेर काढलं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, क्लेम नाकारल्याचं पत्र.

पत्ता चुकला की महिना गेला. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, आर्मर्ड आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, हवाई दलाचं दिल्लीच्या सुब्रतो पार्कमध्ये. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात. अशांनी डिस्चार्ज बुकची एकमेव प्रत स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावी, कारण ती गेली तर सिद्ध करायला काही उरत नाही.

डिसॅबिलिटी पेन्शन: बोर्डाच्या कागदात काय बघायचं

एएफएमएसएफ-१६ हातात आला की तीन जागा शोधा. पहिली, टक्केवारी. २० टक्के किंवा जास्त असेल तर पुढे वाचा. दुसरी, आजार 'ॲट्रिब्युटेबल' (नोकरीमुळे झालेला) किंवा 'ॲग्रव्हेटेड' (नोकरीमुळे बळावलेला) आहे का याचा रकाना. बहुतेक नकार इथेच असतात. दोन्ही 'नाही' असले की फाइलवर 'एनएएनए' असा शेरा येतो. तिसरी, त्या 'नाही'चं कारण. तिथे 'कॉन्स्टिट्यूशनल डिसीज' (शरीराच्या मूळ घडणीतला आजार) किंवा 'शांत ठिकाणी पोस्टिंग असताना उद्भवला' एवढ्या दोन शब्दांत निकाल लावला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असं धरायचं. आजार नोकरीमुळे झालेला नाही हे मग फौजेने कारण देऊन दाखवायचं. म्हणून भरतीच्या वैद्यकीय नोंदीची प्रत मागवायची.

टक्केवारी मंजूर आहे पण पैसे तेवढ्याच टक्क्यांचे मिळतात, असं असेल तर ते ब्रॉड बँडिंगचं, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेऊन धरण्याचं, प्रकरण. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ ला ७५ आणि त्यापुढे १०० असा हिशेब आहे. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू आहे. वादाचा मुद्दा कमी असल्याने नव्या वकिलालाही ही केस झेपते.

एक गोष्ट वकिलाला आवर्जून विचारा: माझ्या प्रकरणाला कुठले एंटायटलमेंट नियम (आजार नोकरीशी जोडलेला आहे का ते ठरवणारे) लागतात? सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि ते जुन्यांपेक्षा कडक आहेत. त्याआधी बाहेर पडलेल्या माणसाच्या अर्जात नव्या नियमांचा हवाला देऊन आपणच आपली बाजू पातळ करू नये.

वीरपत्नीच्या नावातला फरक

डिस्चार्ज बुकात 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई', बँकेत माहेरचं नाव, जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी. जवान गेल्यावर फॅमिली पेन्शन अडते ती बहुतेक अशानेच. क्रम असा ठेवा.

१. पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख कशी छापली आहे ते आधी पाहा. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे की पीपीओ दुरुस्त करायचा, हे त्यावरून ठरतं. आधार बदलणं सोपं असेल तर तेच करा.

२. सोल्जर बोर्डामार्फत रेकॉर्ड ऑफिसला विचारा की कुठलं प्रतिज्ञापत्र चालेल. काही ठिकाणी नोटरीचं चालतं, काही ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे केलेलंच लागतं, नावात मोठा फरक असेल तर राजपत्र आणि वर्तमानपत्रातली जाहिरातही मागतात. न विचारता केलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं.

३. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं अक्षरशः कागदावर आहेत तशी लिहा आणि "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" हे वाक्य घाला. जवानाचा आर्मी नंबर, रँक, युनिट विसरू नका.

४. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली लग्नाची नोंद, निघालीच नसेल तर विवाह नोंदणी, मुलांचे दाखले आणि ग्रामपंचायतीचा कुटुंबाचा दाखला जोडून ती काढायला लावा.

गावाकडचे वकील या टप्प्यावर वारस दाखला काढायला पाठवतात. फॅमिली पेन्शनला तो लागत नाही. ही पेन्शन जवानाच्या मालमत्तेचा भाग नाही, नियमाने ठरलेल्या कुटुंबीयांना ती थेट मिळते आणि मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. बँकेतली शिल्लक, जमीन, शेअर यांच्यासाठी वारस दाखल्याची वेगळी प्रक्रिया आहे; दोन्हींची सरमिसळ करू नका. दोन स्त्रिया पत्नी म्हणून पुढे आल्या असतील तर मात्र रेकॉर्ड ऑफिस न्यायालयाचा हुकूम मागतं. तेव्हा खरोखर वकील लागतो, आणि दोघींनाही स्त्री म्हणून मोफत मिळतो. फक्त एकाच वकिलाने दोघींचं काम घ्यायचं नाही.

पेन्शन सुरू झाल्यावर प्रकारही तपासा. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, नोकरीशी जोडलेल्या मृत्यूची स्पेशल ६० टक्के आणि युद्ध किंवा दहशतवादविरोधी कारवाईतल्या मृत्यूची लिबरलाइज्ड १०० टक्के. मृत्यूचं कारण 'फिजिकल कॅज्युअल्टी' (लढाईबाहेरचा मृत्यू) की 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला मृत्यू) असं नोंदवलंय, यावर आयुष्यभराचा फरक पडतो.

मुदत

एएफटीत जाण्याआधी खात्यातले मार्ग संपवावे लागतात. अंतिम नकार आला की त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज. अपील किंवा निवेदन पाठवून सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत अर्ज. डिसॅबिलिटी नाकारली तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं आणि त्यानंतर दुसरं.

दर वर्षी नवं निवेदन पाठवलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, हा समज साफ चुकीचा आहे. आधीच उशीर झालाय? तरीही अर्ज करा, पण विलंब माफीचा अर्ज सोबत द्या. त्यात आजारपण, निरक्षरता, कागद न मिळणं यांचे तारखांसह पुरावे जोडा. पेन्शनचा तोटा दर महिन्याला होत असल्याने न्यायालयं उशीर पदरात घेतात. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे हक्क टिकतो, जुने पैसे जातात.

वकील नेमल्यावर

पॅनलवरच्या वकिलाला प्राधिकरण पैसे देतं. त्याने तुमच्याकडे फी, 'प्रवासखर्च' किंवा थकबाकीतला टक्का मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. निकालातल्या रकमेत वाटा मागणं वकिली आचारसंहितेतही बसत नाही, मग वकील खासगी असो की सरकारी. "माझी पीसीडीएत (पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयात) ओळख आहे" म्हणणारे एजंट तर कोऱ्या वकालतनाम्यावर सही घेतात. कोऱ्या कागदावर सही नाही, ओटीपी नाही, स्पर्शचा पासवर्ड नाही.

तारखांचा कागद स्वतः ठेवा. वकील दोन-तीन तारखांना गैरहजर राहिला किंवा फोन घेत नसेल तर बदलून मागता येतो. अर्जात राग नको, फक्त तारखा लिहा.

मदतीला बसणाऱ्या विधी स्वयंसेवकांनी पहिल्या भेटीत पाच गोष्टी टिपून घ्याव्या: आर्मी नंबर, डिस्चार्जची तारीख आणि कारण, शेवटचं उत्तर आल्याची तारीख, आतापर्यंत कुठे-कुठे अर्ज केला आणि नेमकी मागणी काय. "साहेब, अन्याय झाला" या पलीकडे मागणी जात नसेल तर पीपीओ उघडून ओळीवर बोट ठेवून विचारा. कायदेशीर मत देणं आणि "नक्की जिंकाल" म्हणणं वकिलावर सोडा.

हुकूम झाल्यावर

एएफटीच्या हुकुमाची प्रमाणित प्रत घ्या. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला, एक प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाला, एक सोल्जर बोर्डाला स्पीड पोस्टने पाठवा. हुकुमात अंमलबजावणीची मुदत आणि उशिरावर व्याज लिहिलेलं असतं का ते पाहा. मुदत उलटली तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी आधीचीच मोफत मदत पुढे चालू ठेवा असं प्राधिकरणाला लेखी कळवा, नाहीतर निकालाबरोबर फाइल बंद होते. सरकार हुकुमाविरुद्ध वरच्या कोर्टात गेलं तर घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयातल्या मोफत मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा ५ लाख आहे आणि तिथली समिती वेगळी आहे.

सुधारित पीपीओ स्पर्शवर आला की फक्त बँकेत जमा झालेली रक्कम बघू नका. थकबाकीचा तक्ता उतरवून घ्या आणि सुरुवातीची तारीख, टक्केवारी आणि प्रत्येक वाढीनंतरचा महागाई भत्ता हुकुमाशी ताडून पाहा. तफावत असेल तर कोणत्या महिन्यापासून आहे ते लिहून तोच तक्ता तक्रारीला जोडा.